ठिगळ दिसू नये, नोंद राहावी: फायबर होडीचा रंग जुळवताना



कोजागरीच्या कार्यक्रमात तिघा-चौघांनी मला एकच प्रश्न विचारला, "शिवोलीला काठावर ठेवलेली ती पांढरी होडी तुमचीच ना? तिच्यावरचं ठिगळ कुठे गेलं?" ठिगळ जिथल्या तिथेच आहे. रंग जुळला म्हणून दिसत नाही, एवढेच. मात्र हा रंग जुळायला मला दोन महिने आणि सहा प्रयत्न लागले. मी बी.कॉम., सगळी नोकरी बँकेत झाली, रसायनशास्त्राशी संबंध शाळेपुरता. तरी जे शिकलो ते लिहून द्या असा कार्यकारिणीचा आग्रह पडला, म्हणून हा लेख. ज्यांच्याकडे होडी नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. बऱ्याच घरांतले फायबरचे बाथटबही याच पद्धतीने बनलेले असतात आणि त्यांचेही टवके उडतात.

होडी माझ्या थोरल्या बंधूंची. सोळा फुटी, 1998 साली घेतलेली, अंग मोतिया पांढरे, वरच्या कडेला निळा पट्टा. दादा गेले, पुतण्या दुबईला. "काका, होडी विकून टाकू या, पडून खराब होईल," असे त्याचे म्हणणे, आणि ते खरेही होते. पण डिसेंबरात ती पाण्यातून काढताना धक्क्याच्या चिऱ्यावर घासली आणि उजव्या बाजूला तळहाताएवढा भाग सोलून निघाला. तेथून हे सगळे सुरू झाले.

जेलकोट म्हणजे काय

लाकडी होडीला आधी बांधतात आणि मग वरून रंग किंवा काजूच्या टरफलांचे तेल लावतात. फायबरच्या होडीचा क्रम उलटा. कारखान्यात होडीचा साचा असतो. साच्याच्या आतल्या गुळगुळीत बाजूला आधी मेण, मग रंगीत जेलकोट, आणि तो घट्ट होत आला की त्यावर काचतंतूंची मॅट आणि रेझिन यांचे एकावर एक थर. सगळे कडक झाल्यावर होडी साच्यातून बाहेर काढतात. म्हणजे सर्वांत आधी घातलेला थर सर्वांत बाहेर दिसतो.

हा जेलकोट म्हणजे रंगद्रव्य मिसळलेले पॉलिएस्टर रेझिन. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. साधा रंग याच्या कितीतरी पट पातळ असतो. पाणी आणि ऊन आतल्या मॅटपर्यंत पोचू न देणे हे जेलकोटचे पहिले काम, शोभा दुसरे. आणखी एक फरक लक्षात ठेवावा. ऑइल पेंट हवेत वाळतो. जेलकोट वाळत नाही. त्यात हार्डनर घातला की रासायनिक क्रिया होऊन तो घट्ट होतो, आणि एकदा घट्ट झाला की परत पातळ करता येत नाही. चूक झाली तर घासून काढण्यावाचून दुसरा उपाय नाही.

आधी आतले पाहा

रंगाच्या आधी एक गोष्ट सांगायला हवी. बऱ्याच वर्षांपूर्वी, मी नवा अधिकारी असताना, एका शाखेत जुन्या फायबर होडीच्या खरेदीसाठी कर्जाचा अर्ज आला. पाहणीला मी गेलो. होडी आरशासारखी चकाकत होती, रंग सगळीकडे एकसारखा. मी अहवालात "बाह्य स्थिती उत्तम" असे लिहून सही केली. पहिल्याच हंगामात तळाजवळ पाणी झिरपू लागले. जुनी मोठी दुरुस्ती होती, आतली मॅट भिजून थर सुटले होते, आणि वरून सुंदर जुळवलेला जेलकोट. सुदैवाने माणसे सुखरूप राहिली, पण त्या कर्जदाराचा हंगाम बुडाला आणि हप्ते थकले. कागदोपत्री माझी चूक कोणी काढली नाही. मला ती आजही आठवते.

म्हणून यंदा चिऱ्याने सोललेला भाग पाहून मी रंगाची चौकशी करू लागलो, तेव्हा काठावरच्या जुन्या कारागिराने जे सांगितले ते मनाला लागले. तो म्हणाला, "मॅनेजरबाब, रंग मागीर. पयलीं भितरलें पळयात." त्याने खिशातून नाणे काढले आणि जखमेभोवती टकटक करत गेला. चांगल्या भागावर आवाज कणखर येतो. थर सुटले असतील तिथे आवाज बद्द येतो, भोपळ्यावर टिचकी मारल्यासारखा. आमच्या होडीत जखमेच्या वर चार बोटे आवाज बद्द आला. तेवढा भाग घासून उघडा केला, आठवडाभर सुकू दिला आणि कारागिराने नवी मॅट बसवली. कडा एकदम उभी न ठेवता उताराची घासतात, जाडीच्या सुमारे बारा पट लांब उतार, म्हणजे नव्या थराला धरायला जागा मिळते. हे काम माहीतगाराकडूनच करून घ्यावे.

इथे एक सूचना. मॅट बसवायला घरात आहे म्हणून ॲराल्डाइटसारखे इपॉक्सी वापरू नये. पॉलिएस्टर जेलकोट इपॉक्सीवर नीट धरत नाही. ज्यावर जेलकोट चढवायचा त्याखाली पॉलिएस्टर रेझिनच असावे. आणि खड्डा खोल असेल तर तो पॉलिएस्टर पुटीने भरून वर फक्त पातळ जेलकोट द्यावा. जाड जेलकोट तडकतो.

पांढरा कोणता?

पहिल्या प्रयत्नात मी दुकानातून 'व्हाइट' जेलकोट आणला आणि तसाच लावला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर होडीला बँडेज बांधलेले! डब्यातला पांढरा टायटॅनियम डायऑक्साइडचा स्वच्छ, किंचित निळसर वाटणारा. होडीचा पांढरा मुळातच मोतिया, त्यात पंचवीस वर्षांचे ऊन.

उन्हातल्या अतिनील किरणांनी जेलकोटचा वरचा पापुद्रा झिजतो, रंगद्रव्याचे कण सुटे होतात आणि हात फिरवला की खडूसारखी भुकटी लागते. ही भुकटी रंग फसवा दाखवते. आमच्या निळ्या पट्ट्यावर ती चढल्यामुळे पट्टा राखाडी दिसत होता. पाण्याने ओला केला की खरा निळा क्षणभर वर यायचा.

मग कारागिराने मला नावाची पाटी उघडून दाखवली. पाटीखाली रंग वेगळा, नाळेच्या उन्हाकडच्या बाजूला वेगळा, सावलीकडे तिसराच. एकाच होडीवर तीन पांढरे. जुळवायचा तो जखमेच्या अगदी लगतचा, आणि तोही भुकटी काढल्यानंतरचा. कारखान्याचा मूळ रंग मिळाला तरी तो पाटीखालच्या रंगाशी जुळेल, शेजाऱ्याशी नाही.

त्यामुळे क्रम असा ठेवावा. साबणाच्या पाण्याने धुणे. जुने मेण ॲसिटोनने पुसणे. जखमेभोवती दोन वीत भाग 1000 नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यासह हलका घासणे आणि रबिंग कंपाउंडने चकाकी आणणे. आता जो रंग दिसेल तो आपला नमुना. काम संपल्यावर ती संपूर्ण बाजू याच पद्धतीने पॉलिश करावी लागते, नाहीतर ठिगळ जुळते आणि पॉलिश केलेला चौकोन वेगळा दिसतो.

रंगाची खतावणी

जेलकोटमध्ये मिसळायला रंगाच्या पेस्ट मिळतात. मी पांढऱ्याखेरीज पाच आणल्या: काळा, भडक पिवळा, पिवळी माती, तपकिरी आणि तांबडा. सगळ्यात महत्त्वाचा नियम, नेहमी फिक्यात गडद घालावा. पांढऱ्यात काळ्याचा एक ठिपका घालून तो करडा करता येतो, पण करड्याला पुन्हा पांढरा करायला डबा रिकामा होतो.

दुसरा प्रयत्न फसला तो याच अज्ञानाने. मोतिया म्हणजे पिवळसर आणि थोडा मळकट, म्हणून मी भडक पिवळा घातला आणि मळकटपणासाठी काळा. सौ. ने लांबूनच पाहून सांगितले, "याला हिरवट झाक आहे." ते बरोबर होते. पिवळ्यात काळा मिसळला की तो हिरव्याकडे झुकतो. मळकटपणा हवा असेल तर तपकिरी घालावा, काळा अगदी नावाला. भडक पिवळ्याऐवजी पिवळी माती वापरावी. हिरवट झाक आलीच तर तांबड्याचा सूक्ष्म अंश ती मारतो.

तिसरी अडचण मापाची. वीस ग्रॅम पांढऱ्याला काळ्याचा एक थेंबही जास्त होतो, आणि टाचणीच्या टोकावर दर वेळी वेगवेगळे प्रमाण येते. यावर बँकेतला उपाय कामी आला: मोठ्या नोटेचे सुटे करावेत. एक भाग काळा आणि वीस भाग पांढरा असे एक करडे मिश्रण आधीच करून ठेवले. तसेच तपकिरीचे. मग या सुट्या मिश्रणाचे थेंब मोजून घातले की फरक हळूहळू पडतो आणि तोच रंग पुन्हा करता येतो. एकूण पेस्ट मात्र जेलकोटच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावी. त्याहून जास्त झाली तर जेलकोट नीट घट्ट होत नाही.

प्रत्येक मिश्रण वहीत लिहिले. तारीख, पांढरा किती ग्रॅम, कोणत्या मिश्रणाचे किती थेंब, आणि शेजारी निकाल: "फार पिवळा", "हिरवट", "जवळ आला, थोडा काळपट". पेनी टॅली करण्याची सवय अशी निवृत्तीनंतर उपयोगी पडली. वही नसती तर सहाव्या प्रयत्नात जुळलेला रंग पट्टीसाठी दुसऱ्यांदा करता आला नसता.

चौथ्या प्रयत्नाचे दुःख वेगळे. ओले मिश्रण होडीवर बोटाने लावून पाहिले, हुबेहूब जुळले, आनंदाने हार्डनर घालून लावले, आणि घट्ट झाल्यावर ते एक छटा गडद निघाले. तेव्हापासून नियम केला. ओला नमुना फक्त अंदाजासाठी. निर्णय घट्ट झालेल्या नमुन्यावर. पूर्वी प्रेझेंटेशनला वापरायचो तसल्या पारदर्शक ओएचपी शीटच्या तुकड्यावर जेलकोट लावावा, हार्डनरसह, आणि प्रत्यक्ष लावायचा तेवढ्याच जाडीत, कारण पातळ थरातून खालचा रंग डोकावतो. दुसऱ्या दिवशी ती चकती जखमेशेजारी धरून पाहावी.

पाहायचे कुठे? साडीवर ब्लाउजपीस जुळवताना बायका दुकानाच्या बाहेर उजेडात जातात, त्यांना हे शास्त्र आधीपासून माहीत आहे. दोन रंग एलईडी दिव्याखाली एकसारखे दिसतात आणि दिवसाच्या उजेडात वेगळे. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, होडी सावलीत असताना पाहावे. एकदा समोरून, एकदा तिरके, एकदा चार पावले मागे जाऊन. आणि दुसऱ्या माणसाला दाखवावे. स्वतःच्या मिश्रणाकडे तासभर टक लावलेल्या डोळ्यांवर विश्वास नको.

निळा पट्टा मात्र मला शेवटपर्यंत अचूक जुळला नाही. गडद रंग उन्हाने जास्त विटतात आणि छोटासा फरकही डोळ्यात भरतो. तिथे युक्ती केली. ठिगळापुरता निळा न लावता पट्ट्याचा तेवढा तुकडा एका जोडापासून दुसऱ्या जोडापर्यंत पूर्ण नवा केला. रंगाचा शेवट एखाद्या कडेला, कोपऱ्याला किंवा जोडाला झाला की डोळा तुलना करत नाही.

लावणे आणि घासणे

हार्डनर साधारण दोन टक्के. दहा मिली जेलकोटला 0.2 मिली, म्हणजे औषधाच्या दुकानातली एक मिलीची सिरिंज पुरते. मिश्रण खोकल्याच्या औषधाबरोबर मिळणाऱ्या मापाच्या कपात करावे. थर्माकोलचा कप वापरू नये, तो विरघळतो. उन्हात तापलेल्या होडीवर काम करू नये, जेलकोट हातातच घट्ट होतो. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत तर नकोच. मासेमारीबंदी 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत असते म्हणून अनेक जण दुरुस्ती तेव्हासाठी ठेवतात, पण जेलकोटचे काम त्याआधी उरकलेले बरे. सकाळी होडीवर दव असते, ते पूर्ण सुकू द्यावे.

जखमेभोवती मास्किंग टेप लावून जेलकोट पृष्ठभागापेक्षा किंचित उंच भरावा, कारण घट्ट होताना तो थोडा आकसतो. हवेच्या संपर्कात जेलकोटचा वरचा भाग चिकट राहतो. म्हणून वर ओएचपी शीट चिकटवून हवा दाबून काढावी, किंवा मेण मिसळलेला जेलकोट वापरावा. दुसऱ्या दिवशी शीट सोलून निघते.

मग वॉटर पेपर, लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून, पाणी घालत: 400, 600, 800, 1000, 1500. मधला नंबर गाळू नये, ओरखडे शेवटपर्यंत राहतात. शेवटी रबिंग कंपाउंड आणि मेण. घाई केली तर शेजारचा जुना जेलकोट घासला जाऊन खालची मॅट दिसू लागते आणि एकाची दोन ठिगळे होतात.

जिवाची काळजी

हा भाग कृपया वगळू नये. जेलकोटच्या वाफा डोके धरायला लावतात आणि पेट घेतात. काम उघड्यावर करावे, जवळ विडी-सिगारेट नको. कापडी मास्क वाफ अडवत नाही, कार्ट्रिजचा मास्क लागतो. हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेतच. डोळ्यात गेलाच तर लगेच भरपूर पाण्याने बराच वेळ धुऊन डॉक्टर गाठावा.

काही दुकानांत रेझिन, कोबाल्ट आणि हार्डनर अशा तीन बाटल्या वेगवेगळ्या देतात. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावा, मगच हार्डनर. शक्य तर कोबाल्ट आधीच घातलेला जेलकोट मागावा. कपात उरलेले मिश्रण तापते. ते कचऱ्याच्या डब्यात न टाकता उघड्यावर पूर्ण थंड होऊ द्यावे.

आणि शेवटी नोंद

मार्चमध्ये काम संपले. मी स्वतः बोट ठेवून ठिगळ दाखवू शकत नव्हतो, तेव्हा प्रथम आनंद झाला आणि मग ती जुनी पाहणी आठवली. त्या होडीवरही कोणीतरी असेच मन लावून काम केले असेल. रंग जुळवण्यात त्याची काही चूक नव्हती. वाईट झाले ते हे, की रंगाखाली काय आहे हे कुठेच लिहिलेले नव्हते.

दिवाळीत पुतण्या आला आणि गिऱ्हाईक होडी पाहायला आले. मी वही पुढे ठेवली. जखम कुठे होती, नाळेपासून किती फूट, वरून किती इंच, किती भाग उघडा केला, मॅटचे किती थर बसवले, कोणी बसवले, तारखा, उघड्या जखमेचे फोटो, आणि रंगाचे प्रमाण. पुतण्या माझ्याकडे बघतच राहिला. गिऱ्हाइकाने वही शांतपणे वाचली, नाणे मागून घेतले, सगळीकडे वाजवून पाहिले आणि भाव पाच हजारांनी पाडला.

"काका, न सांगता चाललं असतं," पुतण्या नंतर म्हणाला. चालले असते, हे मलाही ठाऊक आहे. मी त्याला एवढेच सांगितले की दादांच्या होडीत उद्या कोणाची तरी पोरे बसणार आहेत. तो काही बोलला नाही, पण वहीची झेरॉक्स त्यानेच काढून आणली. मूळ वही होडीबरोबर गेली.

नव्या मालकाला तिचा उपयोगही होईल. नवा जेलकोट आणि जुना जेलकोट उन्हात एकाच वेगाने विटत नाहीत, त्यामुळे चार-पाच वर्षांत ठिगळाची कड पुन्हा अंधूक दिसू लागेल. तेव्हा त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

वहीचा कोरा नमुना मी मंडळाच्या वाचनालयात ठेवला आहे. ज्यांना फायबरची कोणतीही वस्तू दुरुस्त करायची असेल त्यांनी प्रत न्यावी. रविवारी सकाळी मी तिथे असतो. शंका असल्यास जरूर विचाराव्यात, आणि येताना टवका उडालेल्या जागेचा फोटो दिवसाच्या उजेडात काढून आणावा.